अकराव्या दिवसाचं शून्य : सिगारेट सोडण्यासाठी ॲप वापरलेल्या एका माणसाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना मी मार्गदर्शन करते. या प्रकरणातल्या व्यक्तीला मी 'स.' म्हणेन. वय ४१, कारखान्याच्या नियंत्रण कक्षात पाळीचं काम. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सिगारेटींचे आकडे, तारखांमधली अंतरं आणि माझ्या चुका आहेत तशा ठेवल्या आहेत.

स. २० वर्षं सिगारेट ओढत होते, दिवसाला १८ ते २०. आधी तीनदा सोडून झाली होती, तिन्ही वेळा नुसत्या मनाच्या जोरावर. त्यातली सगळ्यात जास्त टिकली ती नऊ दिवस. मला याचं नवल वाटलं नाही. कसलीही मदत न घेता सोडणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाचच निघतात, आणि परत ओढू लागणाऱ्यांतले बहुतेक पहिल्या आठ दिवसांतच परततात.

या वेळी ते स्वतःहून आले, फोन हातात घेऊनच. मुलीने त्यात ॲप टाकून दिलं होतं. "बाबा, यात दिवस मोजले जातात. बघू किती होतात," असं ती म्हणाली होती. स.नी मला बजावलं, "मॅडम, गोळ्या-बिळ्या नकोत, पट्ट्या-बिट्ट्या नकोत. ॲप आहे ना. तुम्ही फक्त नीट चाललंय का तेवढं बघा."

नेहमीप्रमाणे फागरस्ट्रॉम चाचणी घेतली. सहा प्रश्न, शून्य ते दहा गुण. निकोटीनवर शरीर किती अवलंबून आहे याचा अंदाज येतो. स.चे गुण झाले सात. त्यातला सगळ्यात बोलका प्रश्न म्हणजे झोपेतून उठल्यावर किती मिनिटांत पहिली सिगारेट पेटते. पाच मिनिटांच्या आत पेटत असेल तर एकट्या त्या उत्तराचे तीन गुण. स. हसून म्हणाले, "डोळे उघडायच्या आधी लायटर हाताला लागतो." श्वासातला कार्बन मोनॉक्साइड भरला दहा लाखात २४ भाग. नियमित ओढणाऱ्याचा आकडा साधारण असाच असतो.

पहिला निर्णय : नुसतं ॲप

मी "ठीक आहे" म्हटलं. सिगारेट सोडायची पाच दिवसांनंतरची तारीख ठरवली, ॲपमध्ये ती टाकून घेतली आणि त्या तारखेनंतर दोन आठवड्यांनी भेटायचं ठरलं.

हा निर्णय कच्चा होता. त्या वेळी माझ्यासमोर काय माहिती होती ते सांगते. मोबाइलवरून मदत यावरच्या प्रयोगांचा २०१९ चा कोक्रेन आढावा (अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) मी वाचलेला होता. त्यात साध्या टेक्स्ट मेसेजच्या बाजूने बऱ्यापैकी पुरावा आहे : जुजबी मदत मिळालेल्यांच्या तुलनेत मेसेज मिळालेले लोक साधारण दीडपट प्रमाणात सिगारेटशिवाय राहिले. ॲपचे मात्र तेव्हा पाचच प्रयोग हाती होते. त्यांतून फरक दिसला नाही, आणि पुरावाही अगदी तोकडा होता. पुढे २०२० मध्ये अमेरिकेतला २,४१५ लोकांचा प्रयोग आला. त्यात दोन ॲप एकमेकांसमोर ठेवली होती. एकात तलफ आली की तिच्याशी झगडू नका, ती येऊ द्या, जाऊ द्या, अशी पद्धत शिकवली होती. वर्षानंतर आधीचे सलग ३० दिवस न ओढलेले लोक त्या बाजूला २८ टक्के होते, दुसऱ्या बाजूला २१ टक्के. म्हणजे ॲप कोणतं आणि ते आत काय करतं, याने फरक पडतो. स.च्या फोनमधलं ॲप आत काय करतं हे मी उघडूनही पाहिलं नव्हतं.

दुसरं म्हणजे ते सात गुण. झुरका घेतल्यापासून वीस सेकंदांच्या आत निकोटीन मेंदूपर्यंत पोचतं, आणि रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दर दोन तासांनी निम्मं होत जातं. झोप पुरी होईपर्यंत टाकी रिकामी. डोळे उघडायच्या आधी लायटर शोधणारा माणूस ही रिकामी टाकीच भरत असतो, आणि तिथे घालायला ॲपकडे काहीच नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रौढांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही ॲप आणि मेसेजना जागा आहे, ती जोड म्हणून किंवा स्वतःच्या हाताने सोडू पाहणाऱ्यांसाठी. औषधांची शिफारस वेगळी आहे : व्हरेनिक्लिन, निकोटीनचे पॅच (कातडीवर चिकटवायच्या पट्ट्या) आणि चघळायचा गम, ब्युप्रोपिऑन, सायटिसिन.

हे सगळं ठाऊक असताना मी मान का डोलावली? कारण साधं आहे. आपणहून दारात आलेला माणूस पहिल्याच भेटीत अडवला तर परत येणार नाही, अशी मला धास्ती वाटली. 'तुमच्या पद्धतीने दोन आठवडे करून बघू' हे वाक्य ऐकायला गोड लागतं. पण ते दोन आठवडे त्यांचे होते, माझे नव्हते.

अडचण : सकाळी आठची टिंग

स.ची पाळी बदलती. रात्रपाळी करून सकाळी सव्वासातला ते अंथरुणाला पाठ टेकत. आठच्या ठोक्याला फोन वाजे : "शुभ सकाळ! आजचा दिवस धूरमुक्त!" हा मेसेज तिसऱ्या दिवशी आला तेव्हा ते जेमतेम पाऊण तास झोपले होते. निकोटीन सुटल्याचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला असतो. चिडचिड होते, झोप मोडते, लक्ष लागत नाही. त्यात ही टिंग. नंतर झोप लागली नाही, डोळे उघडे आणि हात सवयीने उशाशी लायटर शोधतोय, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. मेसेजची वेळ बदलायची सोय त्या ॲपमध्ये नव्हती. चौथ्या दिवशी त्यांनी सगळी नोटिफिकेशन बंद केली. तिथून पुढे ते ॲप उरलं फक्त दिवस मोजणारा आकडा म्हणून.

तो आकडा मात्र स.ना आवडायचा. हिरवं वर्तुळ, मधोमध दिवस, खाली वाचलेले पैसे. सातव्या दिवशी त्यांनी मुलीला दाखवला, दहाव्या दिवशी सहकाऱ्यांना.

अकराव्या दिवशी रात्रपाळी सुटली. पाळी बदलताना गेटवर नेहमीची मंडळी उभी होती. कुणीतरी पाकीट पुढे केलं, स.नी एक घेतली. घरी येऊन त्यांनी प्रामाणिकपणे ॲपमध्ये नोंद केली. वर्तुळ विरघळलं. शून्य दिवस. वाचलेले पैसे शून्य. खाली बटण : "पुन्हा सुरुवात करा."

"दहा दिवस मी काय झोपा काढल्या?" हे मला त्यांनी दुसऱ्या भेटीत विचारलं, आणि रागाचा रोख माझ्याकडेच होता. त्या संध्याकाळी त्यांनी पाकीट विकत घेतलं. पंधराव्या दिवशी माझ्यासमोर बसले तेव्हा रोजच्या बारा-तेरा चालू होत्या. ॲप अकराव्या दिवसानंतर उघडलंच नव्हतं.

एक सिगारेट आणि पुन्हा लागलेली सवय या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीचं दुसरीत रूपांतर करते ती 'आता मोडलंच आहे, तर' ही भावना. ॲलन मार्लॅट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात यावर सविस्तर लिहिलं आहे. माणूस घसरतो त्याहून जास्त नुकसान तो त्या घसरण्याचा काय अर्थ लावतो त्याने होतं. इथे तो अर्थ पडद्यानेच लावून दिला होता. गंमत अशी की संशोधकसुद्धा इतके कडक नसतात. यश मोजण्यासाठी २००५ मध्ये मांडलेल्या रसेल मानकात पहिल्या दोन आठवड्यांची सूट आहे, आणि त्यानंतर सहा महिन्यांत पाचपर्यंत सिगारेटी झाल्या तरी माणूस यशस्वी धरला जातो. स.चा अकरावा दिवस त्या सुटीतच बसत होता.

पर्याय

दुसऱ्या भेटीत मी पहिल्यांदा माझी चूक कबूल केली. त्यानंतर आम्ही चार वाटा बोललो.

ॲप सोडून द्यायचं आणि फक्त औषध घ्यायचं. ही वाट मला सोपी वाटत होती. स.ना नको होती, कारण आकडा बघायला त्यांना मनापासून आवडायचं. आवडणारी गोष्ट हातची घालवायची नाही हे माझं मत आता पक्कं आहे, पण त्या दिवशी मी थोडी घुटमळले.

त्याच ॲपमधली 'हळूहळू कमी करा' ही सोय वापरायची. त्यात दोन सिगारेटींमधलं अंतर ॲप वाढवत नेतं. स.चा कल इकडे होता. मी त्यांना २०१६ चा ६९७ जणांचा प्रयोग सांगितला : ठरलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के चार आठवड्यांनी टिकून होते, दोन आठवड्यांत कमी करत आणणाऱ्यांपैकी ३९ टक्के. दोन्ही गटांना निकोटीनची औषधं होती. फरक आभाळाएवढा नाही, आणि ज्याला एकदम सोडणं जमतच नाही त्याला मी कमी करायलाच सांगते. पण स. एकदम सोडून दहा दिवस राहिले होते. जमणारी गोष्ट टाकून का द्यायची?

व्हरेनिक्लिनच्या गोळ्या. याला त्यांची ठाम नाही, आणि या वेळीही मी जोर लावला नाही.

शेवटची वाट म्हणजे पॅच, गम, वेगळं ॲप आणि माझे मेसेज. पॅचला ते तयार झाले. "पट्टी म्हणजे औषध नाही ना तसं" असं स्वतःची समजूत घालत झाले. तसं नाही, पॅच हे औषधच आहे, हे मी तिथल्या तिथे सांगितलं.

एक आठवडा नुसत्या नोंदी

दुसरी तारीख ठरवण्याआधी मी एक आठवडा मागून घेतला. ओढायची तेवढी ओढा, पण प्रत्येक वेळी नोंद करा, मुलीने टाकलेल्या ॲपमध्ये नाही, वेगळ्या ॲपमध्ये : किती वाजता, कुठे, नेमकं काय चालू होतं.

आठवड्यात ९१ नोंदी झाल्या. ॲपने त्यांचा घड्याळाच्या तासांप्रमाणे आलेख काढून दिला, आणि तो जवळपास सपाट निघाला. "तुमची धोक्याची वेळ" या चौकटीत काहीच ठळक नाही. मी तो आलेख बघून पुढे सरकणार होते. मग लक्षात आलं की त्या आठवड्यात तीन दिवस सकाळपाळी होती आणि चार रात्रपाळ्या. सकाळी सहा म्हणजे तीन दिवस कामाची सुरुवात आणि चार दिवस कामाचा शेवट. घड्याळ एकच, पण स.चा दिवस दोन वेगवेगळ्या ठिकाणांपासून सुरू होत होता.

कागद घेतला. त्याच ९१ नोंदी 'उठल्यापासून किती वेळाने' आणि 'पाळी बदलण्याच्या किती जवळ' अशा पुन्हा मांडल्या. ४० नोंदी उठल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात किंवा पाळी बदलताना गेटवर पडल्या. २२ कॉफीबरोबर. नियंत्रण कक्षात अलार्म वाजल्यावर बाहेर जाऊन ओढलेल्या सहा. बाकीच्या विखुरलेल्या.

स. त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिले. "अलार्मच्या सहाच?" वीस वर्षं ते घरच्यांना सांगत आले होते की कामाचा ताण आहे म्हणून सिगारेट लागते.

या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा टप्पा मला हाच वाटतो. नोंदी ॲपमुळेच जमल्या, कागदावर त्यांनी ९१ वेळा लिहिलं नसतं. पण त्यांचा अर्थ लावायला दुसऱ्या कुणीतरी बसावं लागलं.

दुसऱ्या तारखेची तयारी

ॲप निवडताना या वेळी मी स्वतःच्या फोनवर तीन ॲप टाकून प्रत्येकाला अर्धा तास दिला. माझ्या अटी चारच होत्या. मेसेजच्या वेळा बदलता याव्यात. एखादी ओढली तर मागचे दिवस पुसले जाऊ नयेत. खातं न उघडता वापरता यावं. आणि भलत्या परवानग्या मागू नयेत. एकाने फोनमधली नावं-नंबरांची यादी मागितली, ते तिथेच बाद. ही सावधगिरी उगाच नाही. नैराश्य आणि धूम्रपान सोडणं या विषयांवरच्या ३६ ॲपची २०१९ मध्ये तपासणी झाली, तेव्हा २९ ॲप गूगल किंवा फेसबुकच्या सेवांकडे माहिती पाठवत होती. सिगारेट सोडणाऱ्या माणसाने ही गोष्ट घरी सांगितलेली नसते, कधीकधी कामावरही लपवलेली असते.

डॉक्टरांनी तपासून २१ मिलिग्रॅमचा पॅच आणि ४ मिलिग्रॅमचा गम दिला. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्यांना जास्त ताकदीचा गम देतात. पॅच 'सकाळी लावा' असं लिहिलेलं असतं. आम्ही 'उठल्यावर लावा' असं खोडून लिहिलं. झोपेत भडक स्वप्नं पडू लागली तेव्हा डॉक्टरांना विचारून त्यांनी तो झोपण्याआधी काढायला सुरुवात केली.

मेसेज मी त्यांच्या पाळीच्या तक्त्याप्रमाणे लावून ठेवले. पाळी सुटायच्या वीस मिनिटं आधी एकच ओळ : "गेटवर पोचायच्या आधी गम तोंडात." गममधलं निकोटीन तोंडाच्या आतल्या कातडीतून हळूहळू रक्तात जातं, झुरक्यासारखं झटक्यात नाही. तलफ आल्यावर गम शोधायला गेलं तर तोवर पाकीट पुढे आलेलं असतं.

दुसरी तारीख पहिल्या तारखेनंतर २६ व्या दिवशी पडली.

काय घडत गेलं

पहिल्या दोन दिवसांत फोन आला : गमने उचक्या लागतात, घसा जळतो, बंद करू का? मी म्हटलं, कसा चघळता ते सांगा. ते साध्या च्युइंगगमसारखा सलग चावत होते. म्हणजे निकोटीन लाळेबरोबर पोटात. तो चार-सहा वेळा चावायचा, तिखट चव आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. साधारण अर्धा तास एक गम पुरतो. शिवाय कॉफी घेतल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं, कारण कॉफीसारख्या आम्लधर्मी पेयांनी तोंडात निकोटीन नीट शोषलं जात नाही. एवढं सांगितल्यावर उचक्या थांबल्या. तीनपैकी एकाही ॲपमध्ये हे नव्हतं.

सहाव्या दिवसापासून हात थरथरणं, छातीत धडधड, झोप नाही. ॲप म्हणे ही निकोटीनची ओढ आहे, दीर्घ श्वास घ्या. स. दीर्घ श्वास घेत होते, आणि रात्रपाळीत सहा कप कॉफीही. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफीन झपाट्याने मोडतं. धूर थांबला की काही दिवसांत हा वेग उतरतो, आणि तेवढीच कॉफी अंगात जास्त वेळ राहते. कप निम्मे केले, तीन दिवसांत थरथर गेली.

पाचव्या आठवड्यात, ३४ व्या दिवशी, एक सिगारेट झाली. गेटवर नाही, कॉफीबरोबरही नाही. जवळच्या माणसाच्या आजारपणाची बातमी फोनवर आली तेव्हा. नव्या ॲपमध्ये "एक ओढली" असं बटण होतं. ते दाबलं की दोन प्रश्न येत : कुठे होतात, पुढचा एक तास काय करणार? दिवसांचा आकडा तसाच राहिला, शेजारी एक ठिपका पडला. रात्री स.चा मेसेज आला : "३४ पैकी ३३." मी उत्तरादाखल अंगठा पाठवला. लांबलचक धीर द्यायची गरज दिसली नाही.

चौथ्या महिन्यात नवाच मुद्दा आला. "मॅडम, आता दिवसभर सिगारेट आठवत नाही. हे ॲप वाजलं की आठवते." यासाठी माझ्याकडे काहीच ठरलेलं नव्हतं. पॅच कधी संपवायचा याचं वेळापत्रक असतं : सहा आठवडे २१ मिलिग्रॅम, मग दोन आठवडे १४, मग दोन आठवडे ७. ॲप कधी संपवायचं याचं नसतं, आणि ॲप बनवणाऱ्यांना ते संपावं असं वाटायचं कारणही नाही. आम्ही मेसेज बंद केले, फक्त "एक ओढली" चं बटण हाताशी राहू दिलं.

निष्पत्ती

दुसऱ्या तारखेपासून सहा महिन्यांनी श्वासातला कार्बन मोनॉक्साइड दहा लाखात ३ भाग भरला. त्या काळात एकूण दोन सिगारेटी. वजन चार किलोने वाढलं. सोडणाऱ्यांचं पहिल्या वर्षात सरासरी साधारण तेवढंच वाढतं, पण स.ना ते बोचलं, आणि त्याची पुरेशी कल्पना मी आधी दिली नव्हती. वर्षानंतर फोनवर बोलणं झालं, तेव्हाही ओढत नव्हते. हा शेवटचा भाग त्यांच्या शब्दावर आहे, श्वास मोजलेला नाही.

यश कशामुळे आलं, पॅचमुळे की ॲपमुळे की मेसेजमुळे, हे एका माणसावरून सांगता येणार नाही. स.ना विचारलं तर ते कागदाचं नाव घेतात.

पुन्हा करायचं झालं तर

सात गुण दिसल्यावर पहिल्याच भेटीत औषधाचा विषय लावून धरेन. माणूस निघून जाईल ही भीती मी तपासून पाहिलीच नव्हती, पॅचला स. दहा मिनिटांत तयार झाले, आणि ते पहिल्या भेटीतही झाले असते. ॲप कोणतंही असो, माणसासमोर ते उघडून त्यात मुद्दाम एक खोटी सिगारेट नोंदवून बघेन. शून्य झालं तर ते ॲप नको. आणि नोंदींचा आठवडा पहिल्या तारखेच्या आधी घेईन. तो नंतर घेतल्यामुळे स.ना एक हार फुकट सोसावी लागली.

माझ्या पहिल्या भेटीच्या फॉर्मवर 'झोपता कधी, उठता कधी' ही ओळ आता पहिल्या पानावर आहे.

मुलीने टाकलेलं पहिलं ॲप स.नी अजून काढलेलं नाही. अकराव्या दिवशी शून्य झाल्यावर त्यांनी त्यात पुन्हा नोंद केलीच नाही, त्यामुळे त्याचं मोजणं तिथून आपोआप चालू राहिलं. दुसऱ्या तारखेला वर्ष झालं त्या दिवशी त्यांनी त्याचा फोटो पाठवला. हिरव्या वर्तुळात ३८० दिवस होते. खाली त्यांची ओळ : "यातले १५ खोटे आहेत."